थूल गुरुजींची चौथी पद्धत

लहानू थूल गुरुजींचं कोणी कौतुक करायला लागलं की मी आधी मुकाट ऐकून घेते आणि मग हळूच विचारते, "तुमच्या वर्गाचं छत गळत होतं का हो?" समोरचा आमच्या केंद्रातला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातला, जुना शिक्षक असेल तर लगेच विषय बदलतो. कारण एकोणीसशे नव्याण्णव साली आमच्या केंद्रातल्या बेचाळीस शिक्षकांनी लेखी कळवलं होतं, की आमच्या वर्गाचं छत गळतं. त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यावर नवाकोरा स्लॅब होता. या घोटाळ्याचं मूळ मी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला बोल लावायला नको.

मी मंदा. सेलूच्या किराणा दुकानदाराची सून आणि जिल्हा परिषदेची शिक्षिका. सेलूपासून सात किलोमीटर आत आमची दोन शिक्षकी शाळा होती. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी थूल गुरुजींकडे. गावाचं नाव सांगत नाही. त्या वेळची मुलं आता मोठी झालीत, लग्नाकार्यात भेटतात, आणि त्यांना सगळं आठवतं.

आमच्या दोन वर्गांमध्ये भिंत नव्हती, दोन लोखंडी कपाटं होती. अलीकडे माझा वर्ग. तिथे माशी घोंगावली तरी ऐकू यायची. पलीकडे गुरुजींचा बाजार. बाजार म्हणजे खराच. मुलं कडुनिंबाची पानं आणि चिंचोके घेऊन दुकानं मांडायची, गुरुजी दोरीच्या तराजूत विटेचे तुकडे टाकून वजनं करायचे, आणि गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की असा गलका व्हायचा, की माझी पहिलीतली लेकरं कपाटाच्या फटीला डोळा लावून उभी राहायची. मी फूटपट्टी आपटून त्यांना जागेवर बसवायची. गुरुजींना म्हणायची, "तुमच्या शाळेचा माझ्या शाळेला त्रास होतो." ते हसून म्हणायचे, "बाई, अपूर्णांक शिकून राह्यले पोट्टे. अपूर्णांकाचा आवाज होते थोडा."

गुरुजी मूळचे नाचणगावचे, पुलगावला लागून आहे ते. सेलूत खोली करून राहायचे, लुनावर शाळेत यायचे, आणि रविवारी आईकडे जायचे. आई तानाबाई. आयुष्यभर लोकांच्या वावरात कापूस वेचून तिनं हा एकुलता एक मुलगा शिकवला होता. मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि त्याखाली एका ओळीत पाच चौकटी: मॅट्रिक, डी.एड., बी.ए., एम.ए., बी.एड. पाचवीच्या पुढे एक खिळा नुसताच ठोकलेला होता.

"हा कायचा?" मी विचारलं.

"एम.एड.चा," म्हातारी म्हणाली. "दोन वर्षं झाले ठोकून. गंजून राह्यला तो. तू सांग ना बाई याले, लवकर कर म्हना."

तर तो खिळा भरायचा होता. एम.एड.चे पेपर गुरुजींनी नोकरी सांभाळून कधीच काढले होते, राहिला होता फक्त लघुप्रबंध. दोनदा मुदत वाढवून घेतली होती. आता एकतीस मार्च दोन हजार ही शेवटची तारीख. ती चुकली की नोंदणी रद्द, सगळं पहिल्यापासून. आणि गुरुजी एकोणपन्नास वर्षांचे होते.

त्या काळात शाळाशाळांतून आनंददायी शिक्षणाचं वारं होतं. गाणी म्हणा, बाहुल्या नाचवा, मुलांना हसतखेळत शिकवा, अशी प्रशिक्षणं व्हायची. गुरुजींनी विषयही तोच घेतला: शिक्षकांना याबद्दल वाटतं काय आणि ते वर्गात करतात काय. वर्ध्याचे त्यांचे मार्गदर्शक सदाशिवराव सर म्हणाले, प्रश्नावली काढा, सोपं पडतं. गुरुजींनी तीस विधानं तयार केली. प्रत्येकासमोर पाच चौकोन, 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत. शेवटी एक मोकळी ओळ: आपल्यासमोरची सर्वांत मोठी अडचण आपल्या शब्दांत लिहा.

आमचे केंद्रप्रमुख बापूराव भला माणूस, पण पत्रकाला भ्यायचे. दोन शाळांच्या माहितीत तफावत आली की वरून 'खुलासा सादर करा' असं पत्र यायचं, आणि तो खुलासा लिहिता लिहिता बापूरावांचे केस गेले होते. म्हणून आमच्याकडे रिवाज पडला होता. कुठलंही पत्रक आलं की महिन्याच्या संमेलनात एकीनं ते नीट भरायचं, मोठ्यानं वाचायचं, आणि बाकीच्यांनी आपापल्या प्रतीवर उतरवायचं. ते भरायचं काम नेहमी माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं. थूल गुरुजी त्या दिवशी मुद्दाम आले नव्हते. आपल्यासमोर लोकांना मोकळं लिहिता येणार नाही, असं त्यांना वाटलं. बापूराव म्हणाले, "मंदाबाई, घ्या वाचा." मी वाचलं. सगळीकडे 'पूर्णपणे सहमत' ठोकलं. माझा या बाहुल्यांवर काडीचा विश्वास नव्हता, पण सरकारी कागदावर असहमत कोण लिहितं? शेवटच्या ओळीत मात्र मी खरं लिहिलं: माझ्या वर्गाचं छत गळतं. तेही सगळ्यांनी उतरवलं.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत गुरुजी गठ्ठा घेऊन माझ्यापुढे बसले.

"बाई, तुमच्या वर्गाचं छत गळते न?"

"गळते. त्याचं काय?"

"मंग बापूरावच्या शाळेचं काऊन गळते? तिथी तर मागच्या साली स्लॅब टाकला."

माझ्या लक्षात आलं. मी सगळं सांगितलं. वाटलं, हे चिडतील, आणि चिडायला हवंच होतं. माणसानं चार महिने घासून बनवलेल्या प्रश्नावलीचा आम्ही श्रुतलेखनाचा तास केला होता. पण ते हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मी ओशाळून त्यांच्यासाठी डब्यातली कोथिंबीर भरलेली सांबारवडी काढली. तीही त्यांनी हसत हसतच खाल्ली.

सदाशिवराव सरांना मात्र यात काहीच वावगं दिसलं नाही. "शंभर टक्के शिक्षक अनुकूल. सुंदर निष्कर्ष. तक्ते काढा आणि टाइप करायला टाका. मार्चची वाट कशाला पाहता?"

"सर, एका बाईचं मत मी बेचाळीस वेळा मोजू काय?" गुरुजी म्हणाले आणि गठ्ठा घेऊन परत आले.

मग त्यांनी मुलाखती घ्यायचं ठरवलं. निरनिराळ्या शाळांतले अकरा शिक्षक निवडले, एकेकाच्या घरी गेले. कुठे चहा मिळाला, कुठे आलूबोंडे मिळाले, आणि प्रत्येकानं प्रशिक्षणात ऐकलेलं भाषण जसंच्या तसं म्हणून दाखवलं. वही बंद केली की खरं बोलणं सुरू व्हायचं, पण ते बदलीबद्दल असायचं.

तिसरी पद्धत निरीक्षणाची. वर्गात मागे बसायचं आणि नुसतं पाहायचं. गुरुजी किरकोळ रजा टाकून जायचे, आणि त्या दिवशी दोन्ही वर्ग मी सांभाळायची. पहिल्याच शाळेत शिक्षकांनी पेटीतून बाहुल्या काढल्या. धूळ झटकताच पहिल्या रांगेतली मुलं शिंकायला लागली. एका मुलीनं उभं राहून विचारलं, "गुरुजी, आज पंधरा ऑगस्ट हाय का?" हे सांगताना गुरुजी पुन्हा चष्मा पुसत होते. पण जानेवारी संपत आला होता, वहीत एक ओळ कामाची नव्हती, आणि दोन रविवार घरी न फिरकल्यानं तानाबाईचा निरोप आला होता की तिळगूळ पाठवते, खिळ्याचं काय झालं ते कळव.

चौथी पद्धत त्याच शाळेत सापडली. मधल्या सुट्टीत शिक्षक डबा खायला बसले आणि गुरुजी आंगणात पाय मोकळे करायला गेले. कडुनिंबाखाली मुलं शाळा-शाळा खेळत होती. एक पोरगा पोट पुढे काढून मास्तर झाला होता. त्यानं मागे वळून लांबवर पाहिलं, हात झटकले आणि म्हणाला, "गेले रे पाहुणे. ठेवा त्या बाहुल्या पेटीत. काढा पाट्या, सतराचा पाढा."

गुरुजी तिथेच वही उघडून लिहायला लागले. प्रश्नावलीनं जे दिलं नाही, मुलाखतीनं दिलं नाही, ते त्या पोरानं न विचारता दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ते सांगितलं तेव्हा मी उखडले. "म्हणजे लेकरांकडून मास्तरांच्या चुगल्या ऐकणार तुम्ही?"

"मी विचारत नाई बाई. विचारलं की पोट्टे मले खुश कराले सांगतात. मी निसता दूर बसतो."

"अन् पोट्टे वाढवून करतात त्याचं?"

"म्हणून दोन येगयेगळ्या दिवशी पाह्यतो. एकदा दिसलं तर सोडून देतो. दोनदा दिसलं, दुसऱ्या पोट्ट्यानं केलं, तरच लिहतो. नाव कोनाचंच नाई. शिक्षक क्रमांक एक, क्रमांक दोन, बस."

मी फूटपट्टी आपटून माझ्या वर्गाकडे वळले.

फेब्रुवारीत गुरुजी अकराही आंगणं फिरले. दुसऱ्या फेरीला रजा पुरेनात, तेव्हा शनिवारी आपली सकाळची शाळा सुटली की लुना पिटाळत तीन-तीन गावं करायचे. मुलं घरी न जाता मैदानात खेळत असायची. कागदाचे त्यांनी तीन रकाने केले: शिक्षक बोलले काय, पाहुण्यासमोर दाखवलं काय, मुलांनी खेळलं काय. तीन रकाने शेजारी ठेवले की हसू यायचं आणि कधी गलबलून यायचं. एक शिक्षक मुलाखतीत म्हणाले होते, 'मला हे गाणं-बिणं जमत नाही.' त्यांच्या शाळेतली मुलं खेळात कविता गायची, हातवाऱ्यांसह. त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं की आपण गातो.

आता माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. आपल्या आंगणात काय चालतं? माझी भूमिका कोण करतं, आणि करताना किती कान पिळतं? चार दिवस मी स्वतःला आवरलं. पाचव्या दिवशी म्हणाले, "गुरुजी, आपल्या शाळेचं काय? आपण दोघं काय आभाळातून पडलो?"

ते हसले. "या मंग."

मधल्या सुट्टीत आम्ही दोघं कपाटाआडच्या खिडकीशी उभे राहिलो. बाहेर चौथीतली हर्षा, तिसरीतला निकेश आणि आणखी दहाबारा मुलं. सुरुवातच भांडणानं झाली. चार मुलींना बाई व्हायचं होतं. शेवटी हर्षा जिंकली. तिनं काडी उचलली, दगडावर दोनदा आपटली, "मुकाट्यानं बसा!" म्हणाली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती एकेकापुढे वाकून पाटी पाहत होती. पाटी म्हणजे पळसाचं पान. एकालाही न वगळता. शेवटच्या छोट्या पोराचं पान पाहून म्हणाली, "हा 'क' बरा हाय. पोट फुगव त्याचं थोडं." आणि त्याचं नाक पुसलं.

मी फुगले, हे लपवत नाही. गेली पंधरा वर्षं ज्या पद्धतीला सगळे नावं ठेवत होते, तिच्यासाठी चार मुली भांडत होत्या. मी ऐटीत गुरुजींकडे पाहिलं. ते आंगणाकडेच पाहत होते.

"बाई, माहा पार्ट कोन करून राह्यलं?"

कोणीच नव्हतं. आम्ही सुट्टी संपेपर्यंत पाहिलं. दुसऱ्या दिवशीही पाहिलं. बाई झाली, शाळा तपासायला आलेले साहेब झाले, शिपाईसुद्धा झाला, आणि आमच्या शाळेत तर शिपाईच नव्हता. गुरुजी कोणी झालं नाही. तेव्हा त्यांनी आपला नियम मोडला. बाहेर गेले, उकिडवे बसले आणि विचारलं, "हर्षा, तुमच्या खेळात गुरुजी नाई का वो?"

"गुरुजी व्हायले कोनी नाई पाह्यत, गुरुजी."

"काऊन?"

"गुरुजीले काई कराच नसते न. निसतं लिहत बसा लागते. अन् म्हना लागते, थांब बाळा, एवढं होऊ दे."

निकेश म्हणाला, "आधी होत होतो आमी. आधी तराजू होता."

खिडकीतून मला सगळं ऐकू आलं. गुरुजी या वेळी हसले नाहीत. आत आले, टेबलाशी बसले, पेनाला टोपण लावलं. टेबलावर ते तीन रकान्यांचे कागद होते. गेलं वर्षभर गुरुजी त्या टेबलाशीच होते. आधी प्रश्नावलीची विधानं, मग गठ्ठे, मग रकाने, आणि समोर मुलं शुद्धलेखन लिहीत बसलेली. कपाटापलीकडचा बाजार कधी बंद झाला, हे मला ठाऊक होतं. मला त्या शांततेचं बरंच वाटलं होतं. मी टिंगलीतसुद्धा त्यांना एकदा बोलले नव्हते. मला त्यांचं फार वाईट वाटलं आणि माझा स्वतःचा संतापही आला.

"मी नाई देत हा प्रबंध," गुरुजी म्हणाले. "आनंददायी शिक्षणावर लिहून राह्यलो, अन् माह्याच पोट्ट्यायचा आनंद..." त्यांनी कागदांचा गठ्ठा बांधायला घेतला.

एकतीस मार्चला पाच आठवडे राहिले होते. मला त्या पाच खिळ्यांच्या शेजारचा सहावा दिसला आणि माझं डोकं फिरलं. रागावल्याशिवाय मला प्रेमाचं काही बोलता येत नाही, हा माझा जुना दोष आहे.

"नाई देत म्हणजे? अकरा जणांचं आंगण पाहून आले, आता स्वतःचं दिसलं तर पळता? लिहा बारावा क्रमांक. अन् अकरा ते पाच पेनाला हात लावायचा नाई. पाच ते सहा इथं व्हरांड्यात बसू. तुम्ही सांगा, मी लिहते. माझ्या अक्षरानं तुमचं वाटोळं केलं, माझंच अक्षर निस्तरेल. आईले काय खिळा उपटायले सांगता?"

गुरुजींनी पेन खिशात ठेवलं. मग उठले आणि कपाटाच्या मागून तराजू काढला. एक पारडं उंदरांनी कुरतडलं होतं.

त्या पाच आठवड्यांत शाळा सुटल्यावर आम्ही रोज व्हरांड्यात लिहिलं. शिक्षक क्रमांक बाराचं पान मी लिहीत होते तेव्हा ते सांगता सांगता अडखळले, मी मान वर केली नाही. 'मुलांच्या खेळात हे पात्र कोणी घेत नाही. पूर्वी घेत असत.' दोनच वाक्यं. मी ती माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिली.

सदाशिवराव सरांनी ते पान वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "संशोधकानं स्वतःला नमुन्यात घ्यायचं नसतं, थूल."

"सर, अकरा लोकायच्या आंगणात पाह्यलं अन् माह्या आंगणाचं लपवलं, तर ती चुगली होते. संशोधन नाई होत."

सरांनी पान परत वाचलं. "मग परिशिष्टात तरी टाका," ते म्हणाले. गुरुजींनी ते मुख्य प्रकरणातच ठेवलं, आणि सरांनी ते पाहूनही सही केली. प्रबंध तीस मार्चला दाखल झाला, एक दिवस आधी.

तोंडी परीक्षा जूनमध्ये झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी सगळं सोडून तेच पान उघडलं. विचारलं, "हा बारावा शिक्षक कोण, सांगू शकाल?" गुरुजी म्हणाले, "मी." बाईंनी वही बाजूला ठेवली आणि मग अर्धा तास खेळाबद्दलच विचारत होत्या: दोनदा का पाहिलं, किती लांब बसलात, मुलांना कळलं का. गुरुजी पास झाले. रविवारी नाचणगावला सहावी चौकट लागली. खिळा खरंच गंजला होता, तानाबाईनं तो बदलू दिला नाही.

पण मला सांगायचा आहे तो दिवस ऑगस्टमधला. कपाटापलीकडे पुन्हा बाजार भरायला लागला होता. मी पुन्हा फूटपट्टी आपटत होते. एका मधल्या सुट्टीत बाहेर जोराचं भांडण ऐकू आलं, म्हणून मी खिडकीशी गेले. निकेश आणि आणखी दोघं एकमेकांचे सदरे धरून उभे होते.

"काल तूच झालतास गुरुजी!"

"तराजू मी आनला, मी होनार!"

मी गुरुजींना खुणेनं बोलावलं. ते आले, उभे राहिले, आणि त्यांचा चष्मा काढायचा राहूनच गेला, पाणी काचेखालून गालावर आलं. मला फार आनंद झाला. मग माझं लक्ष गेलं. त्या सगळ्या गर्दीत काडी घेऊन बाई झालेली एकही मुलगी नव्हती. पाचवीसाठी सेलूच्या शाळेत जाणारी हर्षा तिच्या शाळेला सुट्टी असल्यानं आली होती, पायरीवर बसून बोरकूट खात होती. मी तिला हटकलं, "काऊन वो, आज बाई नाई का कोनी?"

"पोरीयले बाई व्हायचा कंटाळा आला, बाई," ती म्हणाली. "रोज तेच तेच."

मी तणतणत आत आले. गुरुजींचे खांदे हसून हलत होते. दुसऱ्या दिवशी मी फूटपट्टी घरीच ठेवली आणि शाळेत जाताना सासऱ्यांच्या दुकानातून जुना तराजू मागून घेतला.